पाणी हलत नाही तोवर

आमची ओळख एका दारावरून झाली. भांडणच म्हणा ना… आणि ते मीच उकरून काढलं होतं.

लातूरला येऊन मला सहा आठवडे झाले होते. दोन हजार चार साल. नांदेडहून माझ्यासारख्या कितीतरी मुली त्या वर्षी ट्रंका घेऊन तिथं उतरल्या होत्या. बारावीला कमी पडलेले मार्क लातूरच्या हवेत वाढतात, अशी आमच्या आईबापांची खात्री होती. माझी बॅच रिपीटरची, म्हणजे सीईटीत एकदा आपटलेल्यांची. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, बसमध्ये बसवून देताना सांगितलं होतं, हे एकच वर्ष. मेडिकलला नंबर लागला तर लागला, नाहीतर नांदेडला बीएस्सी. अण्णा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. त्यांचं बोलणं खात्याच्या आदेशासारखं असायचं, एकदा निघालं की बदलायचं नाही.

त्या दुपारी माझ्या हातात रविवारच्या टेस्टचा पेपर होता. दोनशेपैकी चौऱ्याऐंशी. मला कुठंतरी दार लावून पाच मिनिटं रडायचं होतं, आणि अख्ख्या लातुरात मला तेवढी जागा नव्हती. खोलीत आम्ही चौघी राहत होतो. क्लासचं ऑफिस दुपारी रिकामं असतं म्हणून मी तिथं शिरले आणि मागं दार लावलं.

"दार लावू नका."

कोपऱ्यात एक उंच, सावळा मुलगा माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. बोलला माझ्याशी, पण बघत होता पाण्याकडं. मी म्हटलं, बाहेरून डाळ मिलचा भुसा उडून येतोय. तो म्हणाला, येऊ द्या. मी म्हटलं, डोळ्यांत जातो. माझे डोळे आधीच भरलेले होते, त्यामुळं ते त्याला खरंही वाटलं असेल. त्यानं हात टाकीतून काढून पँटला पुसला, माझ्या शेजारून गेला, दार सताड उघडलं आणि त्याला विटेचा तुकडा लावला. मी तो तुकडा पायानं सरकवला. त्यानं परत लावला. असं तीनदा झालं.

"तुम्ही रडून घ्या," तो शेवटी म्हणाला. "मी तिकडं तोंड करून उभा राहतो. पण दार उघडं ऱ्हाऊ द्या. येवढं ऐका."

मला त्याचा इतका राग आला की रडूच आलं नाही.

टाकी माणिकप्पा सरांची. क्लास त्यांचा, फिजिक्स तेच शिकवायचे, आणि न्यूटनवर जेवढा विश्वास तेवढाच एका वास्तुवाल्यावरही. ईशान्येला जिवंत पाणी ठेवा, रिझल्ट वाढेल, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. सरांनी आधी काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश आणून ठेवले. ते आठवड्याभरात मेले. मग हा आला, अवधूत. लातुरातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत, वकिलांच्या ऑफिसांत असलेल्या टाक्या तो सांभाळायचा. लुनाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधून गावभर फिरायचा. त्यानं सरांना चार फुटी टाकी करून दिली. खाली काळी माती, वर मांजरा नदीची धुतलेली वाळू, आणि त्यात खरीखुरी हिरवी झाडं. रंगीत प्लॅस्टिकचं एक पान नाही. मासे हैदराबादहून थर्मोकोलच्या खोक्यातून यायचे. अंगावर निळी रेघ असलेले निऑन टेट्रा, शेपटी मिरवणारे गप्पी, आणि तळाशी वाळू हुंगत फिरणारे दोन मिशाळ कोरीडोरास.

तो बुधवारी आणि शनिवारी यायचा. मीही बुधवारी आणि शनिवारीच ऑफिसात वाचायला बसू लागले. योगायोग म्हणा.

"नाव काय तुमचं?" दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं.

"सौदामिनी."

"म्हणजे वीज ना?" त्यानं रबरी नळीचं एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं आणि पाणी चालू झाल्यावर बादलीत सोडलं. "मग रोजच येत जा. एमएसईबीचा काही भरवसा न्हाई."

भारनियमनाचे दिवस होते. दुपारी चार-चार तास वीज नसायची. बाकीच्यांच्या टाक्यांतले हवेचे पंप बंद पडून मासे तोंडं वर काढायचे, पण सरांच्या टाकीत काही व्हायचं नाही. उजेड असेल तोवर झाडं पाण्यात हवा सोडतात, असं तो सांगायचा. मी बायॉलॉजीची विद्यार्थिनी, मला हे पाठ होतं. पण पानांच्या कडेनं चढत जाणारे ते बारीक बुडबुडे मी पहिल्यांदा त्याच्या बोटाच्या मागं बघितले.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. तो कधीच पाण्याकडं पाठ करून उभा राहायचा नाही. आणि वीज गेल्यावर खालच्या मजल्यावरचं जनरेटर सुरू झालं, पाण्यावर बारीकशी सुरकुती उमटली, की तो म्हणायचा, कॅन आणतो. जायचा… आणि पाच मिनिटांनी रिकाम्या हातानं परत यायचा.

दिवाळीच्या आधी त्या टाकीतल्या लांब पट्टीसारख्या गवताला फूल आलं. पांढरं, तांदळाच्या कणीएवढं, लांबलचक गुंडाळलेल्या देठावर पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी येऊन थांबलेलं. अवधूत त्याला पाणगवत म्हणायचा. मी म्हटलं, ही वॅलिस्नेरिया. हे मादी फूल. पुस्तकात अर्धं पान आहे हिच्यावर, दरवर्षी प्रश्न येतो.

"मग नर फूल कुठंय?"

"ते दुसऱ्या झाडाला येतं, खाली मुळाशी." मी पाठ केलेलं सांगत होते, पण का कोण जाणे, कान तापले. "ते देठापासून तुटतं. तुटून वर येतं आणि तरंगत तरंगत… हिच्यापाशी पोचतं."

त्यानं वाकून फुलाकडं बघितलं. मग म्हणाला, "तुटल्याबिगर येता येत न्हाई का त्याला?"

"पुस्तकात तरी नाही."

"लई अवघड काम हाय मग," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पाण्यावरची नजर काढून त्यानं माझ्याकडं बघितलं. मला त्या क्षणी कळलं की मी आता बुधवार आणि शनिवार मोजते आहे आणि मधले दिवस नुसते ढकलते आहे.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी टेस्टला जाण्याआधी मी ऑफिसात डोकावले. टाकीपाशी खाण्याचा डबा होता, त्यातली एक चिमूट मी माशांना घातली आणि मनात म्हटलं, आज सांभाळा. त्या टेस्टला मला एकशे बासष्ट मिळाले. मी ते माझ्या खोलीतल्या वैष्णवीला सांगितलं. एवढंच केलं. पुढच्या रविवारी वैष्णवीनं चिमूट घातली, तिलाही वीस मार्क वाढले, आणि मग ते थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. फेब्रुवारीपर्यंत क्लासमधलं प्रत्येक पोर टेस्टच्या आधी टाकीपाशी वाकून जायचं. कुणी दोन चिमटी घालायचं, कुणी घरच्या लाह्यांचा चुरा. आम्ही तीनशे जण होतो, सगळे एकदा आपटलेले, सगळे घाबरलेले.

अवधूतला कळेना पाणी गढूळ का होतंय. लातुरात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही ब्लीचिंगच्या वासाचं. ते तो दोन दिवस उघडं ठेवून, वास गेल्यावर कॅनमध्ये भरून आणायचा. आठवड्याला चार कॅनऐवजी आठ आणायला लागला. मी रोज बघत होते. मला माहीत होतं का ते. पण सीईटी तीन महिन्यांवर आली होती, मला चिमूट हवी होती, आणि सांगितलं तर तो डबा उचलून नेईल याची भीती होती. म्हणून मी तोंड उघडलं नाही.

एका सोमवारी सकाळी पाणी ताकासारखं पांढरं झालेलं दिसलं. चौदा निऑन वर तरंगत होते, त्यांच्या अंगावरची निळी रेघसुद्धा विझली होती. सीईटीच्या तोंडावर ईशान्येला मेलेले मासे. माणिकप्पा सरांनी अवधूतला सगळ्यांसमोर नाही नाही ते ऐकवलं आणि संध्याकाळच्या आत टाकी उचलायला सांगितली. त्यानं जिवंत राहिलेले मासे बादलीत घेतले, झाडं ओल्या गोणपाटात गुंडाळली. मी जिन्यात त्याला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

तो पायरीवरच बसला. "मासा न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणाला. "टाकलं की खातो. खाऊन उरलेलं खाली सडतं." मग म्हणाला, "एकदा सांगायचं होतंत. एकदा तोंड उघडलं असतं तर…"

आणि तो बोलता बोलता थांबला. चेहरा असा झाला की जणू ते मला नाही, दुसऱ्याच कुणाला म्हटलं होतं. मी दुसरी बादली उचलली. त्यानं नको म्हटलं नाही.

तो त्याच्या मावशीकडं राहायचा, रिंग रोडच्या पलीकडं. गुणाबाई मावशीचं घर चांगलं दोन खोल्यांचं, स्लॅबचं. पण अवधूतचा संसार अंगणात होता. एक खाट, आणि पत्र्याचं शेड, तिन्ही बाजूंनी मोकळं. शेडमध्ये त्यानं स्वतः काचा चिकटवून केलेल्या अकरा टाक्या होत्या, सगळ्या हिरव्यागार. मावशीनं मला आत बसवून चहा दिला. त्याला मात्र पायरीवर नेऊन दिला. मी विचारलं नाही, पण मावशीच म्हणाली, "ते आत येत न्हाई, पोरी. अकरा वर्सं झाली."

मग त्यानंच सांगितलं. शेडमध्ये, बादलीतले गप्पी एकेक करून टाकीत सोडता सोडता.

"आमचं गाव किल्लारीकडं. मी दहा वर्षांचा होतो. दाराजवळ झोपलो होतो, शेजारी बहीण, आरती. सहा वर्षांची. जमीन हलली तसा मी उठलो, कडी काढली आणि पळालो. हाक मारली न्हाई. हात लांब केला असता तरी हाताला लागली असती ती." त्यानं जाळी पाण्यात बुडवली. "मागं वळून बघितलं तर घर नव्हतं. आई न्हाई, बाबा न्हाई, कुणीच न्हाई. लोक म्हणतात लेकरू होतास. मावशीपण म्हणती. पण मला म्हाईत हाय ना… मला हाक मारायचं सुचलंच न्हाई."

भूकंपानंतर सगळ्या लातुरात लोक घरात पेल्यावर पेला रचून ठेवायचे, जमीन हलली की पडतील आणि जाग येईल म्हणून. माझ्या आईनं नांदेडलाही ठेवले होते. अवधूतचा पेल्यांवर भरवसा बसेना. तीन वर्षं तो कुठल्याच छपराखाली टिकला नाही, शाळेतही मैदानात बसायचा. मग एकदा मावशी त्याला एका डॉक्टरांकडं घेऊन गेली. तिथं माशांची टाकी होती. तो तिच्यासमोर बसला, पाण्याकडं बघत, आणि तासभर बसून राहिला. पाणी जरा जरी जमीन हलली तरी सांगणार होतं. ते स्थिर होतं तोवर त्याला बाहेर जावंसं वाटलं नाही. बारावी झाल्यावर त्यानं हेच काम धरलं.

"पाणी हलत न्हाई तोवर मी कुठंबी बसू शकतो," तो म्हणाला. "दार उघडं असलं म्हणजे."

मी त्याचा हात धरला. ओला होता, शेवाळाचा वास येत होता. त्यानं सोडवून घेतला नाही, उलट दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं.

"तू मला आवडतीस, सौदामिनी. लई. पण मी पुन्हा पळंन. एकटाच. मला ठाऊक हाय मी कसा हाय ते. आणि त्या टायमाला आतमधी तू असशील."

मला तो हवा होता, आणि त्यानं नेमकं जे सांगितलं ते खोटं आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते. पत्र्यावर कावळे चालत होते. मग मी क्लासला गेले.

सीईटीत मला एकशे अडतीस पडले. मेडिकलची यादी कुठल्या कुठं राहिली. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, कधी येतेस. जूनमध्ये मी ट्रंक भरली.

लातूरच्या बसस्टँडवर अवधूत मासे घेऊन आला. हवा भरून फुगवलेल्या पिशवीत सहा गप्पी, आणि ओल्या वर्तमानपत्रात त्या पाणगवताची चार रोपं. लहान टाकी त्यानं आधीच ट्रंकेशेजारी टपावर बांधून टाकली होती. त्यानं मला परत परत एकच सांगितलं. पिशवी लगेच फोडायची न्हाई. टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवायची, वीस मिनिटं. मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घ्यायचं. घाई केली की मासा घाबरून मरतो.

"आणि मी?" मी विचारलं.

तो हसला नाही. म्हणाला, "तूपण घाई करू नको." बस सुटली तेव्हा तो स्टँडच्या छपराबाहेर, उन्हात उभा होता.

अहमदपूरपर्यंत सहाही ठीक होते. लोह्याला एक उलटा झाला. नांदेडला घरी पोचल्यावर मी टाकी हॉलमध्ये मांडली, पाणी भरलं, पिशवी त्यात सोडली आणि वीस मिनिटं समोर बसून राहिले. आईला वाटलं मी मार्कांसाठी रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

वर्ष गेलं. बीएस्सीचं पहिलं वर्ष, तेच बेडूक, तीच वॅलिस्नेरिया. अण्णा सुरुवातीला म्हणायचे, पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या घरात ही पाण्याची नासाडी. मी टाकीतून काढलेलं पाणी जास्वंदाला घालून दाखवलं. मग हळूहळू त्यांची खुर्ची टाकीकडं सरकली. संध्याकाळी पेपर वाचता वाचता ते विचारायचे, तो छोटा आज का बसून आहे. अवधूतशी माझं फोनवर बोलणं व्हायचं, आठवड्यातून एकदा, झाडांचं आणि पाण्याचं. आम्ही दुसरं काही बोलत नव्हतो, आणि सगळं बोलत होतो.

मार्चमध्ये भोकरहून एक स्थळ आलं. मी अण्णांना सरळ सांगितलं की मला अवधूत हवा आहे. त्याचं काय झालं, तो कुठं झोपतो, कशानं घाबरतो, तेही सगळं सांगितलं. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी टाकीकडं बघत म्हणाले, "बोलवून घे त्याला. मावशीलाबी. मी हो म्हणून नाही राहिलो, बघतो म्हणतोय."

अवधूत येईना. फोनवर एकच म्हणायचा, तुला म्हाईत हाय ना. शेवटी मी म्हटलं, चहा प्यायला ये. पळावंसं वाटलं तर पळ, मी काही दोरीनं बांधून ठेवणार नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो आणि गुणाबाई मावशी आले. मी टाकी बरोबर त्याच्या खुर्चीसमोर सरकवून ठेवली होती. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. मला हसू आलं. सगळं ठीक चाललं होतं. मग बाहेर झळा वाढल्या तशा अण्णा उठले आणि त्यांनी दार लावून कडी घातली. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत होते. अवधूतच्या तोंडावर "दार लावू नका" आलं होतं, मला ते दिसलं. पण तो बोलला नाही. माझ्यासाठी गप्प बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि पाण्याकडं बघत अण्णांच्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागला. शिक्षण किती. काम कसं चालतं. शेती आहे का. पाणी स्थिर होतं.

मी कपांत चहा गाळत होते तेव्हा पायाखालची फरशी थरथरली.

शेजारच्या प्लॉटवर सकाळीच बोअरची गाडी येऊन उभी राहिली होती, आणि माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं. धडधड धडधड… कप बशीत वाजायला लागले. हॉलमधून खुर्ची पडल्याचा आवाज आला, कडी खाडकन निघाल्याचा आवाज आला, आणि मग मावशीचा आवाज, अगदी हळू, "आरं माझ्या लेकरा."

मी बाहेर आले. खुर्ची आडवी पडली होती. टाकीतलं पाणी काठापर्यंत थरथरत होतं. अण्णा हातात अडकित्ता धरून तसेच बसले होते. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला होत्या.

तो पळाला होता. एकटाच. हाक न मारता.

खोटं कशाला सांगू, मला लागलं. वर्षभर मी मनाशी धरून होते की वेळ आली तर तो आत धावत येईल आणि माझा हात धरेल. तसं झालं नाही. मी हातातलं गाळणं टेबलावर ठेवलं, उंबऱ्याबाहेर गेले, त्याच्या चपला उचलल्या आणि रस्त्यावर उतरले.

तो समोरच्या कडुलिंबापलीकडं, भर उन्हात, तापलेल्या डांबरावर अनवाणी उभा होता. बोअरची गाडी त्याला आता दिसत होती. तो सगळं समजून चुकला होता, आणि त्यामुळंच मान वर करत नव्हता.

"मी हाक मारली न्हाई," तो म्हणाला.

"नाही मारलीस."

"मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस. चप्पल घाल आधी, पाय भाजतायत." मी चपला त्याच्या पायांशी ठेवल्या. त्यानं घातल्या नाहीत, म्हणून मी खाली वाकून एक पाय धरला. तेव्हा तो घाईनं मागं सरला आणि स्वतःच घातल्या.

"खरंच जमीन हलली असती तर? तू आतच ऱ्हायली असतीस, सौदामिनी."

मी वळून घराकडं बघितलं. तेव्हा मला ते दिसलं, आणि मी जसं दिसलं तसं सांगितलं.

"दाराला कडी होती, अवधूत. अण्णांनी घातलेली. मी आले तेव्हा दार उघडं होतं. तू पळालास म्हणून उघडं होतं. मला नुसतं चालत यावं लागलं." मी उघड्या दाराकडं बोट केलं. "तुला हाक मारायचं सुचत नसेल तर नको मारूस. तू पुढं पळ आणि दार उघड. माझी मी येईन मागून. येता येतं मला."

त्याचे खांदे हलायला लागले. तो दहा वर्षांच्या मुलासारखा रडला, भर रस्त्यात, आणि मी त्याच्याजवळ उभी राहिले. या वेळी तिकडं तोंड करून उभं राहायला कुणी नव्हतं. बोअरची पांढरी धूळ आमच्या दोघांच्या डोक्यांवर बसत होती.

दारात अण्णा आले. त्यांनी बोअरच्या गाडीकडं बघितलं, त्याच्या रडण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आत वळून आईला म्हणाले, "चहा बाहेरच आण. आत लई उकडून राहिलंय." आणि स्वतः दोन-दोन करून खुर्च्या बाहेर काढल्या, कडुलिंबाखाली मांडल्या. मावशी येऊन बसली, पदरानं डोळे पुसत. अवधूत सगळ्यांत शेवटी बसला, खुर्चीच्या अगदी कडेला.

बोअरला तीनशे फुटांवरही पाणी लागलं नाही. नुसता फुफाटा वर येत होता, आमच्या चहावर त्याची साय धरत होती. शेजाऱ्यांनी गाडीवाल्याला थांबायला सांगितलं आणि धडधड बंद झाली, तेव्हा एकदम खूप शांत वाटलं.

"पावसाळ्यात कसं करता?" अण्णांनी विचारलं.

"पत्र्याचं शेड हाय," अवधूत म्हणाला. "मोकळं."

अण्णांनी मान वर करून आमच्या गच्चीकडं बघितलं. खात्यात एखाद्या कामाचा अंदाज काढताना बघत असावेत तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वर चार पत्रे टाकून घेतो," ते म्हणाले. "मुक्कामाला आलात तर अडचण नको."

अवधूतनं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. तो नुसती मान हलवत राहिला. मी रिकामे कप गोळा केले आणि आत निघाले. दार तसंच उघडं होतं.